एक पुस्तक पुरत नाही

"मूळ नियमांचं एक पुस्तक घ्या, मूठभर फासे घ्या, चार माणसं जमवा. बाकीची पुस्तकं म्हणजे प्रकाशकांची दुकानदारी." सुपरहिरोंचे रोलप्लेइंग गेम टेबलाभोवती बसून ज्यांनी थोडेफार खेळले आहेत, त्यांच्या कानावर हे कधी ना कधी पडलेलं असतं. पुण्यातल्या आमच्या रविवारच्या गटात मी ते गेली बारा वर्षं ऐकतो आहे. बोलणारे गृहस्थ आमच्यातले सर्वांत जुने खेळाडू, नवी मुलं त्यांचा शब्द प्रमाण मानतात. गेल्या महिन्यात कॉलेजमधली दोन मुलं पहिल्यांदा आली. कोअर बुकनंतर काय घ्यावं, असं त्यांनी विचारलं आणि त्यांना उत्तर मिळालं, "काही नको." मुलं मान डोलावून गेली. मी तेव्हा गप्प बसलो, त्याची रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हे लिहितो आहे.

त्या गृहस्थांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही. सप्लिमेंट्स, म्हणजे मूळ पुस्तकाला जोड देणारी पुस्तकं, आली की नियम वाढतात, अपवाद वाढतात आणि खेळायचं सोडून माणसं पानं चाळत बसतात, हा एक मुद्दा. दुसरा असा की ड्रॅगन आणि जादूगारांचं जग नकाशा काढून समजावावं लागतं, सुपरहिरोंचं तसं नाही. शहर आपल्या ओळखीचं, कॉमिक्स सगळ्यांनी वाचलेली, सिनेमे सगळ्यांनी पाहिलेले, मग खेळातल्या जगाची माहिती देणारं सोर्सबुक हवंच कशाला? आणि तिसरा, जो ते सर्वांत तळमळीने मांडतात: तयार माल हाताशी आला की जीएमची कल्पकता मरते. जीएम म्हणजे खेळ चालवणारा, नायक सोडून बाकी सगळ्या जगाची भूमिका करणारा. त्याने जग स्वतः रचावं, विकत आणू नये.

पहिल्या मुद्द्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. टीएसआर कंपनीच्या 'मार्व्हल सुपर हीरोज' या १९८४ सालच्या खेळासाठी १९८७ मध्ये 'अल्टिमेट पॉवर्स बुक' आलं. पानंच्या पानं शक्तींची जंत्री. फासे टाकायचे आणि नशिबात येतील त्या शक्ती पदरात घ्यायच्या. पुष्कळ जणांचं ते लाडकं पुस्तक आहे, मला ते कधीच आवडलं नाही. त्यातून निघालेल्या नायकाला उडता येतं आणि भिंतीपलीकडचं दिसतं, पण तो सकाळी उठून कुठे जातो, कोणाला भितो, त्याच्यासाठी जेवायचं कोण थांबतं, याचा त्यात पत्ता नसतो. त्याच खेळाचं 'गेमर्स हँडबुक ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स' हे भोकं पाडलेल्या सुट्या पानांचं, फाइलला लावायचं पुस्तक होतं. पात्र शोधायला सोयीचं, पण वाचायला बसावं असं त्यात काही नाही. अशी पुस्तकं विकत घेऊ नका असं कोणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

पण नियम फुगण्याचं खापर सप्लिमेंट्सवर फोडणं बरोबर नाही. ज्या खेळाबद्दल मी मुख्यतः बोलणार आहे त्या 'चॅम्पियन्स'च्या मागे हिरो सिस्टिम नावाची नियमपद्धती आहे. तिच्या पाचव्या आवृत्तीचं सुधारित मूळ पुस्तक २००४ मध्ये आलं, ते ५९२ पानांचं होतं. २००९ च्या सहाव्या आवृत्तीत मूळ नियमांचेच दोन जाडजूड खंड झाले. फुगवटा झाला तो मूळ पुस्तकात झाला. याउलट, ज्या सप्लिमेंट्सनी आमचा खेळ बदलला त्यांतल्या बहुतेकांत नवा नियम नावालाच आहे. त्यांत माणसं आहेत.

माझा खरा मुद्दा इथे सुरू होतो. 'चॅम्पियन्स' १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात निघाला. जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन हे त्याचे कर्ते. नायक फासे टाकून घडवायचा नाही, तर ठरावीक गुण खर्चून हवा तसा घडवायचा, ही त्याची मोठी देणगी. चौथी आवृत्ती १९८९ ची, निळ्या कव्हरची, जॉर्ज पेरेझ यांच्या चित्राची. आमच्या गटात आजही तीच चालते. तिच्यात नेहमीच्या सुपरहिरोला २५० गुण मिळतात. त्यांतले १०० हातात ठेवले जातात आणि उरलेले १५० कमवावे लागतात, अडचणी अंगावर घेऊन. खेळाडू त्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेजेस म्हणतात. ओळख लपवावी लागते, त्याचे गुण. कोणीतरी मागावर आहे, त्याचे गुण. घरात कोणीतरी आपल्यावर विसंबून आहे, त्याचेही गुण.

या 'मागावर असण्या'चा हिशेब पाहा. सेशन, म्हणजे खेळाची एक बैठक, सुरू होताना जीएम तीन फासे टाकतो. वैरी क्वचित येणारा असेल तर बेरीज आठ किंवा कमी यावी लागते, म्हणजे २१६ शक्यतांपैकी ५६. नेहमीचा असेल तर अकरा किंवा कमी, म्हणजे १३५. हात धुऊन मागे लागलेला असेल तर चौदा किंवा कमी, म्हणजे १९६. हा वैरी दहापैकी नऊ सेशनना दारात उभा राहणार. मग तो आहे कोण? त्याला काय हवंय, त्याचं काय बिघडलंय, तो नायकाला ठार मारायला टपलाय की हात जोडून विनवायला? कॅरेक्टर शीटवर फक्त एक ओळ असते: 'हंटेड, चौदा किंवा कमी'. नायकाचे बरेचसे गुण ज्या माणसांच्या जिवावर उभे आहेत, ती माणसं मूळ पुस्तक देत नाही. ते फक्त त्यांची जागा आखून देतं. पाच खेळाडू, प्रत्येकाचे एक-दोन वैरी, एखादं घरचं माणूस. म्हणजे पहिल्याच रविवारी जीएमच्या डोक्यावर दहा-बारा माणसांचं देणं. खुद्द कर्त्यांनी हे ओळखलं होतं. खेळ निघाला त्याच वर्षी त्यांनी 'एनिमीज' हे पहिलं सप्लिमेंट काढलं, निव्वळ शत्रूंचं. नियमांनी मागे ठेवलेलं देणं फेडायला ते पुस्तक आलं. त्याला दुकानदारी म्हणणं मला पटत नाही.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. माझं पहिलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणारी एक सलग कथा, मी फक्त मूळ पुस्तकावर चालवलं, आमच्या त्याच ज्येष्ठ गृहस्थांचा सल्ला मानून. नऊ रविवार चाललं. पहिल्या रविवारी बँकेत मारामारी, दुसऱ्या रविवारी धरणावर, तिसऱ्या रविवारी विमानतळावर. वैरी मी आदल्या रात्री अकरा वाजता रचत असे, आधी शक्ती, मग नाव, मग वेळ उरला तर कारण. वेळ उरत नसे. आमच्यातल्या एका मैत्रिणीची नायिका होती, हाताने धातू वितळवणारी. तिच्यावर विसंबून असलेलं माणूस म्हणजे तिचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मी त्यांचं काय केलं? दोनदा पळवून नेलं. तिसऱ्यांदा फासे पडले तेव्हा ती मैत्रीण शीट टेबलावर ठेवून म्हणाली, "पुन्हा बाबांना बांधून ठेवलंय का? मग मी जरा चहा करून येते." त्यानंतर आम्ही ते कॅम्पेन बंद केलं. माझी कल्पकता कोणत्याही पुस्तकाने मारली नव्हती. तिला खायलाच काही मिळालं नव्हतं.

त्यानंतर मामेबहिणीने न्यू जर्सीहून येताना बॅगेत घालून एक जुनं पुस्तक आणलं: अ‍ॅरन ऑलस्टन यांचं 'स्ट्राइक फोर्स', १९८८ सालचं. सुपरहिरोंच्या खेळासाठी निघालेल्या सगळ्या पुस्तकांत माझं सर्वांत आवडतं पुस्तक कोणतं, याचं उत्तर मी एका श्वासात हेच देतो. ऑलस्टन टेक्ससचे. पुढे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चं 'रूल्स सायक्लोपीडिया' त्यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं, 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या लिहिल्या, २०१४ मध्ये ते गेले. 'स्ट्राइक फोर्स' हे त्यांच्या स्वतःच्या कॅम्पेनचं पुस्तक आहे. त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं जे चाललं ते त्यांनी मांडून दाखवलं. नायक कोण होते, काय घडलं, कशामुळे घडलं, कुठे चाललं आणि का चाललं.

त्यांनी खेळाडूंचे प्रकार सांगितले आहेत. कोणाला लढाईच हवी असते, तो कॉम्बॅट मॉन्स्टर. कोणाला जगात काहीतरी उभारून मागे ठेवायचं असतं, तो बिल्डर. कोणाला कोडी सोडवायची असतात, तो मॅड थिंकर. कोणाला नात्यांत रस, तो रोमँटिक. आणि कोणी गुंतागुंतीचं मन असलेलं पात्र घडवून त्याच्या तळापर्यंत उतरू पाहतो, त्याला त्यांनी प्लंबर म्हटलं आहे. हे वाचताना आमच्या टेबलाभोवतीचे पाचही चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले. मी नऊ रविवार पाच जणांना एकच पदार्थ वाढत होतो आणि त्यांतल्या एकालाच त्याची भूक होती. बाबांना सोडवायला कंटाळलेली ती मैत्रीण पक्की प्लंबर. तिला मी प्रत्येक वेळी लढाई दिली. हे कोणत्या मूळ पुस्तकात होतं? मला तरी तिथे सापडलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची, ब्लूबुकिंग. अमेरिकेत कॉलेजच्या परीक्षेला निळ्या कव्हरच्या पातळ वह्या देतात, तिथून हे नाव आलं. टेबलावर सगळ्यांदेखत जे बोलता येत नाही, ज्याला अख्खं सेशन देता येत नाही, ते खेळाडूने वहीत लिहायचं. जीएमने वाचून खाली उत्तर लिहायचं. वही पुन्हा खेळाडूकडे. बस, एवढंच. एकही फासा नाही, एकही गुण नाही.

आम्ही दोनशे पानी वह्या आणल्या. दुसऱ्या कॅम्पेनमध्ये त्या मैत्रिणीने तीच नायिका आणि तेच बाबा परत घेतले. पहिल्याच आठवड्यात तिने दीड पान लिहून दिलं. सकाळ आहे. नायिकेच्या ओढणीचं टोक जळलं आहे, मनगटावर फोड आहे. ती बाही ओढून चहा पिते. बाबा पेपर वाचताहेत, मान वर करत नाहीत. ती आंघोळीला जाऊन येते तर कपाशेजारी बर्नॉलची ट्यूब ठेवलेली. बाबा अजून पेपरच वाचताहेत. प्रसंग तिथे थांबवून तिने वही माझ्याकडे दिली होती. मी दोन दिवस ती दप्तरात घेऊन फिरलो. शेवटी खाली बाबांच्या तोंडी एकच वाक्य लिहिलं: "रात्रपाळीला मीही बत्तीस वर्षं गेलो, पण आईला सांगून जायचो." पुढच्या रविवारी शहराच्या दुसऱ्या टोकाला कारखाना पेटलेला असताना तिच्या नायिकेने उरलेल्या चौघांना सांगितलं की मी येणार नाही, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. टेबलावर कोणी बोललं नाही. मग लढाईवर मरणारा आमचा खेळाडू म्हणाला, "ठीक आहे, आम्ही चौघं सांभाळतो." इतकी वर्षं खेळतो आहे, त्याहून चांगलं सेशन मला आठवत नाही.

हे प्रसंग ऑलस्टन यांनी लिहिलेले नाहीत, ते आमचे आहेत. पण ते घडण्याची वाट त्यांनी दाखवली. तयार मालाने कल्पकता मरते म्हणणाऱ्यांनी तयार माल देणं आणि वाट दाखवणं यांतला फरक पाहावा. गवयाच्या घरी राहून शिकलेल्या मुलाचा गळा उसना होत नाही.

आता दुसरा मुद्दा. शहर ओळखीचं आहे, कॉमिक्स वाचलेली आहेत, सोर्सबुक कशाला? यावर मी 'फ्रीडम सिटी'चं उदाहरण देईन. 'म्युटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स' हा खेळ २००२ मध्ये ग्रीन रोनिनने काढला, स्टीव्ह केन्सन यांचा. त्याच लेखकाचं 'फ्रीडम सिटी' २००३ मध्ये आलं. शहर काल्पनिक आहे, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं. वाचताना रस्ते आणि इमारती थोड्या वेळाने विसरायला होतात. विसरत नाही ती एक घटना: १९९३ मध्ये टर्मिनस नावाच्या दुसऱ्या जगातून आक्रमण झालं आणि ते परतवताना शहराचा सर्वांत मोठा नायक, सेंच्युरियन, मेला. खेळाडूंचे नायक शहरात पाऊल ठेवतात ते त्यानंतर. प्रत्येक म्हाताऱ्याला तो दिवस आठवतो, प्रत्येक नव्या नायकाची तुलना सेंच्युरियनशी होते. आपलं शहर आपल्याला कितीही पाठ असलं तरी तिथे सुपरहिरोंच्या दोन पिढ्या होऊन गेल्या असत्या तर लोकांच्या मनात काय साचलं असतं, हे आपोआप सुचत नाही. केन्सन यांनी ते एकदा करून दाखवलं. ते वाचल्यावरच आम्ही पुण्यासाठी तसं रचू शकलो. आमच्याकडे १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा लोकांना वाचवायला गेलेला आणि परत न आलेला एक नायक आहे, आणि त्याच्या नावाने नदीकाठच्या पेठांतले म्हातारे अजून बोलतात. 'फ्रीडम सिटी'तली एकही ओळ त्यात नाही. तरी ते पुस्तक वाचलं नसतं तर हा माणूस आम्हाला भेटला नसता.

'किंगडम ऑफ चॅम्पियन्स' हेही याच जातीचं. १९९० चं, सुपरहिरोंचं ब्रिटन, फिल मास्टर्स या इंग्रज लेखकाने लिहिलेलं. सुपरहिरो म्हटलं की न्यूयॉर्क, ही सवय मोडायला ते फार उपयोगी पडलं. आणि 'नॉर्मल्स अनबाउंड', १९९१ चं: शक्ती नसलेल्या साध्या माणसांचं पुस्तक. ते आमच्या टेबलावर सर्वांत जास्त मळलेलं आहे, यातच काय ते आलं.

कॉमिक्स पुरेशी आहेत म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. 'वॉचमेन' ही अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची मालिका १९८६ ते १९८७ या काळात निघाली. ती पूर्ण व्हायच्या आधीच मेफेअर गेम्सने 'डीसी हीरोज' या खेळासाठी तिच्यावर आधारलेलं मोड्यूल काढलं. मोड्यूल म्हणजे खेळायला तयार कथानक. ते १९६६ मधल्या घटनांचं होतं आणि मालिकेच्या पूर्वकथेत भर घालणारं. खुद्द मूर यांची त्याला मान्यता होती. त्यानंतर १९९० मध्ये रे विनिंगर यांचं 'वॉचमेन सोर्सबुक' आलं. कॉमिकमध्ये सगळं असतं तर त्याच्या कर्त्याने खेळवाल्यांना त्याच्या भूतकाळात हात घालू दिला असता का? कॉमिकमध्ये कथेला लागतं तेवढंच असतं. खेळाडू मात्र कुठल्याही दारावर टकटक करतो आणि दाराआड काहीतरी असावं लागतं.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच मांडतो, कारण तो मला सतवतो. न्यू मेक्सिकोतल्या काही लेखकांनी १९८३ च्या सुमारास केऑसियमचा 'सुपरवर्ल्ड' खेळायला घेतला. जीएम होते जॉर्ज आर. आर. मार्टिन. सप्लिमेंट्सचा ढीग त्या टेबलाला लागला नाही, आणि त्या खेळातून 'वाइल्ड कार्ड्स' ही पुस्तकमालिका निघाली, पहिला खंड १९८७. मग? मूळ नियमांवर भागलंच की!

भागलं. पण त्या टेबलाभोवती मेलिंडा स्नॉडग्रास, वॉल्टर जॉन विल्यम्स, व्हिक्टर मिलान, जॉन जे. मिलर होते. माणसं घडवणं हाच त्यांचा रोजचा व्यवसाय. आपण दिवसभर बँकेत, शाळेत, कारखान्यात राबून रविवारी खेळायला बसतो, आपल्याला तेच जमावं ही अपेक्षा रास्त नाही. आणि पुढे काय झालं? १९८९ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सने 'गर्प्स वाइल्ड कार्ड्स' काढलं, त्याच टोळीतल्या मिलर यांनी लिहिलेलं. टेबलावर जन्मलेलं जग पुस्तकांत गेलं आणि सप्लिमेंट होऊन दुसऱ्यांच्या टेबलांवर परत आलं. त्या टेबलाने जे केलं ते इतरांपर्यंत पोचवायला सोर्सबुकच लागलं.

राहिला पैशाचा प्रश्न, तो मी हलका मानत नाही. कॉलेजच्या मुलाला परदेशी पुस्तक परवडत नाही. पण त्याचं उत्तर 'काही नको' हे कसं असेल? आमच्या गटात सहा जणांत मिळून कपाटभर पुस्तकं आहेत. नव्या मुलांना विकत घ्यायला लावू नका, वाचायला तरी द्या. शक्तींच्या जंत्र्या मीही त्यांच्या हातात देणार नाही.

येत्या रविवारी मी माझं 'स्ट्राइक फोर्स' घेऊन येतो. कव्हर सुटलं आहे, मागची चार पानं चिकटपट्टीने जोडली आहेत, तेवढं जपून हाताळावं. आमच्या ज्येष्ठ मित्रांनाही विनंती आहे की त्यांनी ब्लूबुकिंगचा भाग एकदा वाचावा. नायकांची माहिती नंतर वाचली तरी चालेल. आणि ती दोन मुलं पुन्हा आली तर त्यांच्यासाठी दोन कोऱ्या वह्या मी आणून ठेवल्या आहेत.